पिल्लं बघायला या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आन् उपासनेत डोळे मिटून बसते तेव्हा देवालाही नीट नाही — त्याच्यापुढं गोलगोल बोलते. तुम्ही बसा, तुम्हाला सांगते.

करुणा माझी धाकटी बहीण. आई गेली, माझी शाळा सातवीत सुटली. हिला अक्षरं मी शिकवली. पुढं ती बिबट्यांवर संशोधन करणारी मोठी बाई झाली. तिची जाडजाड पुस्तकं इथं वडगाव रासाईला पडून असायची — तीही मी वाचली, डिक्शनरी घेऊन, एकटीनं. पण चर्चमध्ये पाळकसाहेब प्रार्थनेत नाव कुणाचं घ्यायचे? तिचं. रस्त्यात लोक मला थांबवून विचारायचे ते काय? करुणाताई कधी येणार! माझं कुणी काही विचारलं का हो? — मत्सर म्हणतात ना, तोच.

एकदा ऊसतोडीत आमच्या घराशेजारच्या फडात बिबट्याची दोन पिल्लं सापडली. करुणा तेव्हा कामात नवीन होती, वनखात्यानं पहिल्यांदाच सगळं तिच्यावर सोपवलं. पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवायची, माणसांनी लांब राहायचं, मग त्यांची आई येऊन घेऊन जाते. मला म्हणाली, "ताई, कुणाला कळू देऊ नकोस. तुझ्याशिवाय भरवसा कुणावर ठेवू?"

भरवसा. आन् मी काय केलं? दळण घेऊन गिरणीत गेले. तिथल्या बायकांना हळूच म्हणाले, "पिल्लं बघायला या. मी सांगितलं म्हणू नका."

"व्हय? खरंच हायत?"

"लेकरंबी आणा."

दिवस मावळायला सगळा गाव बांधावर. मोबाइलच्या बॅटऱ्या, शिट्ट्या. "आगं, ही तर मांजरं हायत!" करुणा हात जोडत इकडून तिकडं धावत होती. मी दारातून बघत होते — आन् मला बरं वाटत होतं. बरं!

मादी फिरकलीच नाही. पिल्लं पिंजऱ्यात गेली ती कायमची. करुणा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, "क्रेट रस्त्यापासून आत न्यायला हवा होता, ताई. माझंच चुकलं." मी तिच्या केसांतून हात फिरवला. म्हणाले, "असू दे बाळा. सगळंच कुणाला येतं होय?"

परवा ती विद्यार्थ्यांना घेऊन आली. माझ्याच पडवीत बसून त्यांना सांगत होती — पहिल्याच कामात मी जागा चुकीची धरली, दोन जीव जन्मभर अडकले, तुम्ही असं करू नका. एका पोरीनं विचारलं, "पण मॅडम, एवढ्या लोकांना कळलं कसं?"

करुणा म्हणाली, "गाव आहे गं. कळतंच."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. विचारलं, "बिनसाखरेचा कुणाला?"