डावीकडचे दोन मिलिमीटर

दातांना तारा लावायचं बायकोने ठरवलं तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. उमरेडच्या शाळेत गणित शिकवायची, रोज एसटीने जाऊन-येऊन. तिचे वरचे दात पुढे होते. हसू आलं की पदर तोंडाशी न्यायची. मी कळमन्याच्या फळबाजारात संत्र्यांचे लिलाव पुकारणारा माणूस, माझं तोंड दिवसभर उघडंच.

"आता या वयात काहून?" मी विचारलं.

"पोरगी कॉलेजात गेली. आता मले माझ्यासाठी काही करू द्या." मग जरा थांबून म्हणाली, "वर्गात पोरं गंमत करतात अन् मी फळ्याकडं तोंड करून हसते. वीस वर्षं झाली."

पुढच्या आठवड्यात मी तिच्यासोबत दवाखान्यात गेलो.

सक्करदऱ्याजवळच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयाने आमच्याहून लहान होती. वरच्या दोन लहान दाढा काढायच्या आणि त्या रिकाम्या जागेत पुढचे दात मागे ओढायचे, असं तिने समजावलं. "पण नुसतं तारेने ओढलं तर मागच्या दाढाही पुढे सरकतात आणि अर्धी जागा त्याच खातात. म्हणून हिरडीतून हाडात एकेक बारीक स्क्रू बसवू. तो जागचा हलत नाही. त्याच्या आधाराने फक्त पुढचे दात मागे येतील."

बायकोला हे फार पटलं. घरी येऊन तिने आम्हा बापलेकीला कागदावर आकृती काढून पुन्हा समजावलं.

स्क्रू बसवले त्या दिवशी मी बाहेर तिची पर्स धरून बसलो होतो. ती बाहेर आली आणि मलाच म्हणाली, "नुसतं दाबल्यासारखं वाटलं. तुम्ही काहून घामाघूम झाले?"

डावीकडचा स्क्रू तीन आठवड्यांत ढिला झाला. डॉक्टरांनी तो काढून थोडा बाजूला दुसरा बसवला. त्यामुळे डावी बाजू मागे राहिली. दर रविवारी सकाळी ती खिडकीशी आरसा घेऊन बसायची आणि पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून फट मोजायची. उजवीकडे साडेतीन मिलिमीटर. मग तीन. "सरकून राहिले वं दात!" ती आतल्या खोलीतल्या पोरीला ओरडून सांगायची.

दिवाळीच्या सुमारास तिचं डोकं दुखायला लागलं. बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल उतरत होता, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. "तारा कसल्या असतील," मी म्हणालो. तीही तेच म्हणाली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "तारांनी इतके दिवस डोकं दुखत नाही. मोठ्या डॉक्टरांना दाखवा." हंगाम संपला की दाखवू, असं मी ठरवलं. दोन महिने गेले.

एके दिवशी शाळेतून फोन आला. फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता ती थांबली होती. पुढचा आकडा तिला लिहिता येईना.

एमआरआय करायचा होता. तोंडात धातू असला तर फोटो बिघडतो, म्हणून आधी तारा काढून या, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. आम्ही पुन्हा सक्करदऱ्याला गेलो. उजवी फट पूर्ण मिटली होती. डावीकडे दोन मिलिमीटर उरली होती.

"स्क्रू टायटॅनियमचे आहेत, त्यांची अडचण नाही," डॉक्टर म्हणाली. "ते राहू देते. बऱ्या झालात की त्यांच्यावरच उरलेलं काम करू."

"मी वापस येईन न, मॅडम?"

डॉक्टर ट्रेमधली हत्यारं नीट लावत राहिली. "या, मी वाट बघते," असं म्हणाली, पण वर न बघता.

मेंदूत गाठ होती. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक दिले. चेहरा सुजला आणि दात जागेवर राहावेत म्हणून दिलेली प्लेट बसेना. एका दुपारी तिने माझं बोट धरून आपल्या दातांवर ठेवलं. "वाढली का हो फट?"

"नाही."

"तुम्हाले खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली आणि हसली. पदर घ्यायला हात उठत नव्हता. तिचं इतकं मोकळं हसू मी त्या दिवशी पाहिलं आणि मला बघवेना.

शाळा उघडायच्या आठवड्यात ती गेली.

पुढे महिनाभराने दातांच्या दवाखान्यातून पुढची तारीख विचारायला फोन आला. मला फोनवर सांगता आलं नाही. स्वतः गेलो. डॉक्टर हातातलं काम सोडून बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसली.

"दोन महिने आधी दाखवलं असतं तर?" मी विचारलं.

"मला खरंच सांगता येणार नाही. तो माझा विषय नाही." "पण दाखवलं का, म्हणून फोन करून विचारायला हवं होतं मी. रोज वाटतं." तिचे डोळे वाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी पोहे करत होती. ओट्याशी उभा राहून मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सांगूनही मी हंगामाचं कारण काढलं, तेही.

"मले माहीत आहे, बाबा."

"कसं?"

"आईनं सांगितलं होतं. म्हणाली, 'बाबा एक दिवस तुले हे सांगतील. तू त्यायच्यावर रागावू नको. अन् माझी चूक नव्हती का, असं विचार त्यायले. मीच तर म्हणत होती, तारांनं दुखून राहिलं म्हणून.'"

तिने गॅस बंद केला. पोह्यांवर झाकण ठेवलं. मी खाली फरशीवर बसलो होतो, ती माझ्याजवळ येऊन बसली.