फुकटचा मिक्सर आणि सगळ्यांचा एकच नंबर

त्या सकाळी सासूबाई मोबाईल हातात धरून जवळजवळ नाचतच स्वयंपाकघरात आल्या.

"अगं, मिक्सर फुकट मिळतोय! निसता कागद छापून न्यायचा हाय."

सावेडीतल्या भांड्यांच्या मोठ्या दुकानाचं कूपन त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर आलं होतं. वर लाल फीत, मध्ये चकचकीत मिक्सर आणि खाली ठळक अक्षरांत 'अभिनंदन! तुमची निवड झाली आहे.'

आमचा जुना मिक्सर चटणी वाटताना जळका वास सोडायचा. शिवाय आमच्या घरात कुणाची कशासाठी निवड झाल्याचं ऐकिवात नव्हतं. नवरा नागापूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, त्यामुळे अडवायलाही कुणी नाही. भिंगारच्या बाजारात जाऊन आम्ही झेरॉक्सच्या दुकानातून दोन रंगीत प्रिंट काढल्या, एक त्यांची, एक माझी. सासूबाई ठेवणीतली जरीकाठी साडी नेसून आल्या होत्या. मिक्सर आणायला एवढा थाट कशाला, असं मी विचारलं.

"फोटू काढत्यात बक्षीस देताना. आमी काय अशाच जायचं व्हय?"

रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी नव्या मिक्सरवर करायचा संध्याकाळचा बेतही ठरवला.

दुकानापाशी उतरलो आणि पाहतो तर पायऱ्यांवर बायकाच बायका. प्रत्येकीच्या हातात तोच कागद. "सगळ्यांचीच निवड झालीय की," सासूबाई पुटपुटल्या. मी सहज शेजारच्या बाईंच्या कूपनावरचा नंबर वाचला, मग माझा, मग सासूबाईंचा. तिन्ही नंबर एकच. मागच्या बाईंना विचारलं, तर त्यांचाही तोच. नंबर विचारायची लाट रांगेतून पुढे सरकत गेली आणि कुणीतरी खुदकन हसलं.

तेवढ्यात पुढची एक मुलगी कूपनाच्या कोपऱ्यातला कोड मोबाईलने स्कॅन करत होती. 'भेट निश्चित करण्यासाठी' असं तिथे लिहिलं होतं. तिच्या मोबाईलने पिन मागितला. तिचं बोट टेकणार, इतक्यात सासूबाईंनी तो मोबाईलच काढून घेतला.

"थांब, पोरी! घ्यायला कशाला लागतोय पिन? पिन पैसं द्यायला मारत्यात!"

मुलगी पांढरीफटक पडली. मी तिच्या मोबाईलवरचं ते पान बंद केलं. गलका ऐकून मालक बाहेर आले, घामाघूम.

"अहो ताई, आमच्या दुकानाचं नाव तरी नीट वाचा! यात एक अक्षर चुकलंय. आमच्या कूपनावर शिक्का असतो, शेवटची तारीख असते, प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो. आणि आम्ही मोबाईलवर काही पाठवतच नाही. शंका आली तर बिलावरच्या नंबरावर फोन करा, कूपनावरच्या नको!"

मागून एक आवाज आला, "मग एवढं नटून आलोय त्याचं काय करायचं?"

झालं! हसू जे फुटलं ते आवरेना. मालकही चष्मा पुसत हसायला लागले. फोटो मात्र निघाला: पायऱ्यांवर आम्ही सगळ्या, हातात खोटी कूपनं नाचवत, मधोमध सासूबाई आणि त्यांच्या शेजारी ती मुलगी, मोबाईल घट्ट धरून हसत. नंतर सगळ्या समोरच्या रसवंतीत शिरल्या. ओळखपाळख नसलेल्या बायका एकमेकींना आपण कशा फसत होतो ते रंगवून सांगत होत्या आणि रस नाकातून येईपर्यंत हसत होत्या. सासूबाईंनी तिथूनच तिसगावच्या बहिणीला फोन लावला. "लई मज्जा आली गं! मिक्सर न्हाई मिळाला!"

पुढे दिवाळीच्या आधी त्याच दुकानाचं, स्टीलच्या डब्याचं खरंखुरं कूपन पेपरातून आलं. त्यावर शिक्का होता, तारीख होती, सगळं होतं. मी म्हटलं, "आई, हे खरं दिसतंय." त्यांना पटेना. आधी त्यांनी जुनं बिल शोधून दुकानात फोन केला, मग दुकानाच्या नावाचं अक्षर न् अक्षर मला मोठ्याने वाचायला लावलं. शेवटी दुकानात गेलो तेव्हा काउंटरपलीकडून मालकांनी स्टीलचा डबा पुढे केला, तर सासूबाई हात मागे घेऊन उभ्या.

"पिन तर न्हाई ना मागणार?"

"नाही हो, आजी."

मग त्यांनी डबा घेतला, झाकण दोनदा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यापरीस थोडा मोठा न्हाई का?"