इडाने नावं ठेवलेला फोन

इडालिना फुर्तादोबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. लिहिणारे कमी नाहीत, पण ते तिची वाक्यं उतरवून घेतात आणि तिथेच थांबतात. मी बरीच वर्षं तिच्यासमोर कॅमेरा धरून उभा राहिलो. कॅमेऱ्यामागच्या माणसाला बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला जमलं. लिहिणं जमेल की नाही, माहीत नाही.

ती सॅन होजेच्या पूर्वेकडच्या पोर्तुगीज वस्तीत वाढली. वडील अवेलिनो बेकरीत पहाटे पाव भाजायचे. आई लवकर गेली. इडा इथल्या एका वर्तमानपत्रात लागली तेव्हा तिला टोस्टर आणि धुलाईयंत्रांचं सदर दिलं होतं, कारण ते कुणालाच नको होतं. ती प्रत्येक टोस्टर घरी नेऊन वडिलांच्या पावावर चालवून बघायची आणि मगच लिहायची. पुढे टोस्टर मागे पडले आणि फोन आले. वर्तमानपत्राने माणसं कमी केली, त्यात तीही गेली आणि तिथेच कॅमेरा सांभाळणारा मीही गेलो. तिने आपल्या गराजमध्ये एक टेबल आणि दोन दिवे लावले आणि मला म्हणाली, "दत्ता, तुझ्याकडे कॅमेरा आहे, माझ्याकडे तोंड आहे. बाकी काय लागतं?"

फोनच्या सादरीकरणांना आम्ही दोघं जायचो. अंधारं सभागृह, मोठा पडदा, काळ्या शर्टातला माणूस येतो आणि म्हणतो, हा आमचा आजवरचा सर्वोत्तम फोन. इडा माझ्या कानात म्हणायची, "दुसऱ्या नंबरचा कधी काढणार हे? मला तोच बघायचाय." आजूबाजूचे पत्रकार टाळ्या वाजवायचे. पत्रकाराने टाळ्या वाजवायच्या नसतात, हे तिला पहिल्या संपादकाने शिकवलं होतं. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. तिचं म्हणणं असं, की ज्याचा फोन फुकट वापरायला मिळतो, ज्याच्या हॉलमध्ये फुकट जेवायला मिळतं, त्याच्याबद्दल माणूस खोटं लिहीत नाही, फक्त खरं जरा मऊ करून लिहितो. आणि मऊ खरं गिळायला सोपं असतं.

मग साबणवडीचा प्रकार झाला. आर्बोर नावाच्या कंपनीने एका वर्षी काचेच्या पाठीचा फोन काढला. तो प्रदर्शनाच्या टेबलावरून सारखा घसरून खाली पडत होता. इडा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "हा फोन नाही, ओली साबणवडी आहे. खिशात ठेवू नका, न्हाणीघरात ठेवा." ते लाखो लोकांनी बघितलं. फोन पडेल असं मला वाटलं, म्हणजे बाजारात. उलट धडाक्यात खपला. दुकानात लोक "ती साबणवडी द्या" म्हणून मागायला लागले. पुढच्या वर्षी आर्बोरच्या ब्रुक हॅलिडेने आम्हाला मागच्या रांगेतून उचलून दुसऱ्या रांगेत बसवलं. ब्रुकचं काम पत्रकारांना सांभाळायचं, आणि ती ते फार गोड करायची. त्या वर्षी पडद्यावर इडाचं साबणवडीचं वाक्यच झळकलं. सभागृह हसलं. इडाही हसली. हसण्यावाचून करणार काय?

तेव्हापासून ती अडकली. दर वर्षी ती फोनला काय नावं ठेवते याची लोक वाट बघायचे. आणि तिच्या प्रेक्षकांनी आपापसात एक हिशेब बसवला होता: इडाला जो फोन खरोखर आवडत नाही, त्याचं ती नावही घेत नाही. ज्याला ती मनापासून शिव्या घालते, तो बिनधास्त घ्यायचा. यात निम्मं खरंही होतं. टाकाऊ फोनवर वेळ घालवायचा तिला कंटाळा होता.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात आर्बोरने नवा फोन काढला. पडद्यावर एक म्हातारी बागेत पाय अडकून पडली. कुणीच जवळ नव्हतं. फोनला ते आपोआप कळलं, त्याने रुग्णवाहिका बोलावली, मुलगी धावत आली. संगीत असं होतं की माझे डोळे ओले झाले. मी शेजारी बघितलं, तर इडाचे हात मांड्यांखाली नव्हते. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हात मोकळे होते.

अवेलिनो तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा, जुन्या घरात एकटा. वर्षभर ती त्याला आपल्याकडे राहायला ये म्हणत होती आणि तो म्हणत होता, "तुझ्या गराजमध्ये झोपू? दिव्याखाली?"

सादरीकरणानंतर ब्रुकने तिला फोनची पिशवी दिली आणि नेहमीचा करार पुढे केला. आमच्या धंद्यात त्याला एम्बार्गो म्हणतात. मी त्याला तोंडबंदी म्हणतो. फोन आठवडाभर आधी मिळतो, पण ठरलेल्या बुधवारी सकाळपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मग सगळे एकाच मिनिटाला बोलतात. मधल्या शुक्रवारी लोकांसाठी बुकिंग सुरू होतं. म्हणजे लग्न आधी आणि मुलगी बघणं मागाहून. ही रीत इतकी जुनी झाली आहे की आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

इडाने व्यायामशाळेतली एक जाड गादी आणून गराजमध्ये टाकली आणि फोन खिशात ठेवून धडाधड पडायला लागली. मी चित्रण करत होतो. प्रत्येक वेळी फोन किंचाळायचा आणि विचारायचा, मदत बोलावू का? ती खूश झाली. मग थांबली आणि म्हणाली, "पण पपा असा पडत नाही."

"मग कसा पडतो?"

"मार्चमध्ये पडला तेव्हा भिंत धरून हळूहळू खाली बसला. मग उठताच येईना."

तिने भिंतीला पाठ लावली आणि घसरत घसरत खाली बसली. फोन गप्प. खुर्चीवरून घसरली, पलंगाच्या कडेवरून घसरली. फोन गप्प. दिवसभर ती घसरत होती. धाडकन पडणाऱ्याला तो ओळखत होता. ज्याचे पाय गळतात, जो आधार शोधत खाली जातो, त्याचा त्याला पत्ताच नव्हता. आणि म्हातारी माणसं बहुतेक तशीच पडतात.

तिने ब्रुकला फोन केला.

"इडा, तू किती बारकाईनं बघतेस!" ब्रुक म्हणाली. "आमचे इंजिनिअर बघतायत त्यात. पुढच्या अपडेटमध्ये येईल बहुतेक. परीक्षणात तेवढं एक वाक्य घालशील?"

"कुठलं वाक्य?"

"हेच, की येतंय म्हणून."

"आलं की घालीन," इडा म्हणाली.

रविवारी आम्ही अवेलिनोकडे जेवायला गेलो. मला तो पत्ते खेळायला भिडू म्हणून बोलवायचा. त्याने कोबी-बटाट्याचं सूप केलं होतं, गोड पाव होता. जेवता जेवता तो ऐटीत म्हणाला, "पोरी, आता माझ्यामागे लागायचं नाही. मी तो नवा फोन बुक केला. मी केला, आणि चर्चमधल्या आमच्या पत्त्यांच्या टोळीनेही केला. पडलो तर फोन तुला बोलावेल. तोवर तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी."

इडाने पावाचा तुकडा हातात धरून ठेवला.

"कसा आहे गं?" त्याने विचारलं.

"पपा, बुधवारपर्यंत मला बोलता येत नाही."

"बघा!" तो मला म्हणाला. "बापालासुद्धा सांगत नाही. अशी इमानदार."

परतताना गाडीत मी म्हटलं, "सांगून टाकायचं होतंस."

"त्याला सांगितलं म्हणजे चर्चच्या दारात सगळ्यांना सांगितलं. मी सही केलीय, दत्ता. आणि बुधवार काय लांब आहे? बुकिंग रद्द करता येतं." तिने तेव्हा तसं धरून चालणं मला चूक वाटलं नाही. तिच्या जागी आमच्यातल्या कुणीही हेच केलं असतं.

बुधवारचा व्हिडिओ तिने एकही विनोद न करता केला. गादीवर पडणं दाखवलं, भिंतीवरून घसरणं दाखवलं आणि शेवटी सरळ सांगितलं: "तुमच्या घरात वयस्कर माणूस असेल, तर या सोयीच्या भरवशावर हा फोन घेऊ नका. मी गंमत करत नाही."

सकाळी सगळ्यांची परीक्षणं एकदम आली. बाकीच्यांनी आजवरचा सर्वोत्तम म्हटलं होतं आणि पडण्याची सोय म्हणजे देवदूत म्हटलं होतं. ते सगळे गादीवर धाडकन पडले होते. भिंतीवरून कुणी घसरलं नव्हतं. इडाचा व्हिडिओ दुपारपर्यंत सगळ्यांच्या पुढे गेला. लोकांनी तिचं घसरणं कापून वेगळं काढलं होतं आणि त्याला बँडबाजाचं संगीत लावलं होतं. खाली लिहिलं होतं, "चेहरा बघा कसा ठेवलाय!" "'मी गंमत करत नाही', मेलो हसून!" "इडा इतकी कधीच चिडली नव्हती. म्हणजे फोन जबरदस्त. घेतला."

ब्रुकचा फोन आला. "इडा, आमची अख्खी टीम बघत बसलीय! ते घसरण्याचं आम्ही वापरलं तर चालेल ना?"

"ब्रुक, ते हसण्यासाठी नव्हतं."

"तेच तर! तू हसत नाहीस म्हणूनच हसू येतं."

इडाने फोन टेबलावर ठेवला. मी कॅमेरा पुसत बसलो. तो स्वच्छच होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दत्ता, खरं सांगायचं तर आता मी कुठल्या तोंडाने सांगू? माझं तोंड यांनी घेऊन टाकलं."

दुसरा व्हिडिओ करू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्याला तर आणखी हसतील. असं बोलायला नको होतं, पण खोटंही नव्हतं. निदान बापाचं तरी बुकिंग रद्द करू, म्हणून तिने त्याला फोन लावला. तो पलीकडून हसतच सुटला. "बघितलं, बघितलं! टोळीने बेकरीत मोठ्या पडद्यावर लावलं होतं. भिंतीवरून काय घसरतेस गं! अगदी मार्चमधला मी!"

"पपा, मी तुझीच नक्कल केली. तो फोन तुझ्या कामाचा नाही."

"हो हो. साबणवडी पण माझ्या कामाची नव्हती. पाच वर्षं वापरली."

फोन घरी आला त्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. अवेलिनोने तो पट्ट्याला नव्या पाकिटात लावला होता. इडा पुन्हा समजावायला लागली, तेव्हा तो वैतागला. "थांब, दाखवतोच," म्हणाला. फ्रिजला पाठ लावली आणि आम्ही पुढे होईपर्यंत सावकाश खाली सरकत फरशीवर बसला. पाय समोर पसरले. फोन गप्प होता.

"अजून वाजेल," तो म्हणाला.

आम्ही थांबलो. मी हात द्यायला वाकलो.

"हात लावू नकोस! त्याला वाटेल मी उठलो."

मी मागे सरलो. इडा त्याच्या शेजारी फरशीवर जाऊन बसली. फ्रिज घुरघुरत होता. मला वाटलं, आता त्याला कळलं. त्याचा चेहरा तसं सांगत होता, बारीक झालेला. तो पट्ट्यावरच्या फोनकडे बघत होता आणि इडा त्याच्याकडे बघत होती. तिने तोंड उघडलं तर तो ऐकेल, अशी ती एकच वेळ होती.

मग तोच म्हणाला, "बरं, आता बोल. व्हिडिओत याला नाव ठेवलं नाहीस. याला काय म्हणायचं?"

"पपा, नको."

"बोल गं. बाप फरशीवर बसलाय. एवढं तरी."

इडाने भिंतीला डोकं टेकलं. "हा आपल्या ग्लेनसारखा आहे," ती म्हणाली. ग्लेन म्हणजे तिचा घटस्फोट झालेला नवरा. "धाडकन कोसळलं तर गावभर ओरडत धावत येईल. हळूहळू बुडत असलं तर शेजारी बसून राहील."

अवेलिनोच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. "ग्लेन!" तो म्हणत होता. "अगदी ग्लेन!" इडा हसली नाही. तिने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने त्याला उचललं. तो फार हलका झाला होता आणि अजून हसण्याने हलत होता.

खुर्चीत बसल्यावर मी भीत भीत विचारलं, फोन परत करायचा का? नवाच आहे तोवर करता येईल.

"परत?" अवेलिनो डोळे पुसत म्हणाला. "आता तर मुळीच नाही. संध्याकाळी टोळीला दाखवायचाय. इडा, ते ग्लेनचं पुन्हा एकदा सांग, मी नीट पाठ करतो."

इडाने ते त्याला पुन्हा सांगितलं.