उन्हात धरल्यावर दिसणारा ओरखडा

दारव्ह्याच्या बैलबाजारात किसनराव बैल घेऊन उभे राहिले की दलाल कपाळाला हात लावायचे. हा भला माणूस बैलाचं कौतुक करायच्या आधी त्याची खोड सांगायचा. "डाव्या अंगानं मोटार गेली का बुजते बरं," असं ऐकल्यावर कोण थांबणार? गिऱ्हाईक पुढे सरकायचं, दलाल चरफडायचे आणि किसनराव बैलाला वैरण टाकून निवांत बसायचे. खोड ऐकूनही जो थांबला, त्याच्याच हातात ते दावं देत.

पुढे शेतात ट्रॅक्टर आला, शेवटची जोडी गेली आणि रिकाम्या गोठ्यात मुलगा अक्षय याने जुन्या मोटारसायकली आणून उभ्या केल्या. तो गाड्यांचे चरे रंगाखाली बुजवायचा, सीटवर नवं कव्हर चढवायचा आणि आर्णीला नेऊन विकायचा. बापाची रीत त्याला ठाऊक होती, पण ती धंद्यात आणायचा वेडेपणा त्याने केला नाही. आपल्यामागे ही रीत संपली, हे किसनरावांनी मनाशी धरून ठेवलं होतं. वाईट वाटायचं, पण बोलून दाखवायचे नाहीत.

अशा घरात सून भैरवी जुने व्हिडिओ गेम ऑनलाइन विकू लागली. सुरुवात अक्षयच्याच ट्रंकेतल्या सीड्यांपासून झाली, मग गावातली पोरं आपापल्या आणून देऊ लागली. किसनरावांच्या लेखी हा सगळा पोरखेळ. एकदा ओसरीत पडल्यापडल्या त्यांच्या कानावर तिचा आवाज आला. ती मोबाइलला सांगत होती आणि मोबाइल लिहून घेत होता.

"डबीचा खालचा कोपरा तडकला आहे. वरचा कागद उन्हाने फिका पडला आहे. आतलं माहितीचं पुस्तक हरवलं आहे. आधीच्या मालकाने सीडीवर पेनाने नाव लिहिलं आहे, ते निघत नाही. गेम शेवटपर्यंत खेळून पाहिला, कुठे अडकला नाही."

किसनराव उठूनच बसले. "शेवटपर्यंत खेळली तू?"

"हो मामाजी. मधात कुठं अडकते का, ते खेळल्याबिगर कसं समजते?"

कामं आटोपून ही बाई रोज थोडं थोडं खेळत होती म्हणे, राक्षस मारत होती, आणि ते कशासाठी, तर विकायच्या मालात खोट आहे का ते पाहायला! किसनरावांनी तोंडात बोट घातलं. त्या दिवसापासून ती सीडी घेऊन दारात बसली की तेही जवळ येऊन टेकायचे.

एकदा सीडी उन्हाकडे कलती करता करता तिचा हात थांबला. "ओरखडा हाये, मामाजी. केसावानी."

किसनरावांनी सीडी घेतली, जवळ धरली, लांब धरली, चष्मा पुसला. "मले काही दिसत नाही, बाई."

"हाये," ती म्हणाली आणि तसं लिहूनही टाकलं.

अक्षय गाडीचं चाक काढता काढता हसला. "जे कोनालेच दिसत नाही, ते कायले सांगून राह्यली?"

सीडी गेली नाशिकला, पियूष नावाच्या एका शौकिनाकडे. चारच दिवसांत त्याची तक्रार आली, आणि तीही उलटीच. वर्णनात ओरखडा आहे, सीडीवर नाही, म्हणजे वर्णन एका सीडीचं आणि पाठवली दुसरीच! आधी एकदा वाटेत डबी फुटल्याची तक्रार झालेली होती. ही दुसरी खरी ठरली असती तर ॲपवरचं भैरवीचं खातं बंद, धंदा बंद. पियूष मात्र माणूस वाईट नव्हता. त्यानेच वाट काढून दिली: ओरखडा चुकून लिहिला गेला एवढं कळवा, मी तक्रार मागे घेतो.

"मंग कळव ना," किसनराव म्हणाले. "कोनाचं काय जाते?"

भैरवीने मान हलवली. "मामाजी, ते उद्या ही सीडी दुसऱ्याले विकतीन. ओरखडा नाही म्हनून सांगतीन. माह्यापायी ते खोटे पडतीन ना."

किसनराव जागच्या जागी गार झाले. जन्मभर भर बाजारात खोड सांगितली, आणि आज, साधं खातं वाचवायला, हे आपल्याच तोंडून गेलं? एवढा पुढचा विचार तर त्यांनीही कधी केला नव्हता. आपण समोरच्या गिऱ्हाइकापुरतं पाहत होतो. ही त्याच्या पलीकडच्या, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाची काळजी करत होती. समोर बसलेल्या आपल्याच सुनेकडे ते नव्याने पाहत राहिले.

सकाळी तिने पियूषला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, ट्यूबलाइटखाली नाही दिसणार. खिडकीत ऊन आलं आहे का? मग सीडी आडवी धरा. आता उन्हाकडे कलती करा. आणखी थोडी. आता हळूहळू फिरवा."

फोनवरच्या सीडीत सातही रंग उघडले आणि सरकू लागले. अक्षय पाना हातात घेऊन पाठीमागे येऊन उभा राहिला.

"अरे!" पलीकडून आवाज आला. मग हळू आवाजात, "आहे. आहे हो. मी कालपासून शोधतोय. ताई, तुम्हाला असं पाहायला शिकवलं कोणी?"

भैरवीने फोन किसनरावांकडे वळवला. "हे माझे सासरे. बैलाची खोड आधी सांगायचे, मग विकायचे. नवी नवरी होते तेव्हा यांच्यासोबत बाजारात गेले होते, तिथं पाहिलं."

किसनरावांना तो दिवस आठवला. सून बांगड्यांच्या दुकानांपाशी रमली असेल, असंच ते इतकी वर्षं समजत होते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने टोपी सारखी केली. मग दावं हातात देताना जे म्हणायचे, तेच तोंडातून निघालं.

"सांभाळा बाप्पा. माल चांगला हाये. खोड एकच, ते तुम्ही पाह्यलीच."

पियूषने हात जोडले. सीडी अजून त्याच्या हातातच होती, ती तशीच दोन तळव्यांच्या मध्ये राहिली.