गल्लीसाठी पाडलेली भिंत

काल नगरपालिकेच्या माणसांनी रस्त्यासाठी आमच्या दारापर्यंत चुन्याची रेघ मारली. कुणालाच विचारलं नाही. त्या ओल्या चुन्याच्या वासानं मी सकाळपासून नुसती आत-बाहेर करतेय.

लहानपणी बीडच्या वस्तीत असाच वास सुटला होता. गल्लीत पाण्याचा टँकर शिरत नव्हता, म्हणून सगळ्यांनी बैठकीत घरं मागं घ्यायचं ठरवलं आणि दारोदार चुन्याच्या रेघा मारल्या. बाबा ऊसतोडीला गेले होते. आईनंच आमची पुढची भिंत पाडली.

बाबा परतले आणि बोचकं घेऊन तसेच उभे राहिले.

"कुणाला इचारून पाडलीस?"

"बैठकीत ठरलं. मी बी होते की तिथं."

तेव्हा आई मला लई धीट वाटली. तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं, ते आज डोळ्यांपुढून हलत नाही.

बाबांनी बोचकं खाली ठेवलं, पडलेली एक वीट उचलली.

"नवी भिंत कुठवर घ्यायची, सांग."