गच्चीवरून दिसलेला गोल

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या घराला मैदानाच्या बाजूने दार नव्हतं. एक जाड भिंत होती आणि वर गच्ची. मासळीवाला मैदानातून यायचा, म्हणून मी दोरीला बांधलेली टोपली गच्चीवरून खाली सोडायची आणि बांगडे वर ओढून घ्यायची. शुक्रवारी दुपारी मात्र त्या वाळूत फुटबॉल चालायचा आणि तेव्हा बाईमाणसाने तिकडे डोकावू नये, असा आमच्या ह्यांचा नियम होता.

नियमाचा मला मनस्वी राग यायचा. लग्नाआधी मुंबईला मी दीड वर्ष कॉलेजात काढलं होतं आणि त्या दीड वर्षात लेडीज रूमच्या खिडकीतून कॉलेजच्या टीमची एकही मॅच सोडली नव्हती. हे त्याच टीमचे लेफ्ट विंगर. स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी मुलाची नोकरी पाहिली, मी त्याचा डावा पाय आधीच पाहून ठेवला होता. दुबईत ह्यांना आमच्या कॉलेजातले सात-आठ जण भेटले, उरलेल्या जागा रत्नागिरी-रायगडच्या पोरांनी भरल्या आणि टीमचं नावच 'कॉलेज' पडलं. आमची अख्खी गल्ली कॉलेजची फॅन झाली. त्यातल्या निम्म्या लोकांनी कुठल्याच कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, पण ओरडण्यात तेच पुढे असायचे. मी दर शुक्रवारी गच्चीवर चादरी वाळत घालायची आणि त्यांच्या आडून मॅच बघायची. एकदा न राहवून ह्यांना म्हटलं, "तुमचा सेंटर फॉरवर्ड सारखा ऑफसाइड जातो." तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

अडुसष्टच्या हिवाळ्यात हाँगकाँगचा फ्ल्यू जगभर फिरत फिरत आमच्या गल्लीत पोचला. आधी बंदरावर काम करणारे आडवे झाले, मग ऑफिसांतले, मग आमचे हे. नऊ दिवस मी त्यांना आलं-मिरीचा काढा पाजत होते आणि ते तापात "पास दे, पास दे" म्हणत होते. तीन शुक्रवार मैदान रिकामं पडलं. फॅन मंडळी तोंडाला मफलर गुंडाळून आपापल्या दारात उभी राहायची आणि एकमेकांना एकच विचारायची, फायनल होणार की नाही? दोन वर्षं कॉलेज फायनलला एका बँकेच्या टीमकडून हरलं होतं आणि यंदाही समोर तीच होती. त्यात हिवाळा सरला की त्या मैदानावर गोदाम उठणार होतं. म्हणजे कप मिळायचा तर ह्याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली ती बावीस खेळाडू आणि एक रेफरी एवढ्यांनाच. बघायला कुणी जायचं नाही, लाइन्समनसुद्धा नको. त्या शुक्रवारी नमाजानंतर गल्लीतले सगळ्यात वडीलधारे गृहस्थ, शिपिंग ऑफिसातले हेडक्लार्क, आमच्या दारापासून चार हात लांब उभे राहून म्हणाले, "भाभी, डॉक्टरने स्ट्रिक्ट मना केलंय. तुमच्या गच्चीवरून पूर्ण ग्राउंड दिसतं. तुम्ही रिपोर्ट देत राहा, आम्ही आपापल्या दारात थांबतो."

हे बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नाडी आवळायला लागले. मी वर गेले आणि आधी सगळ्या चादरी काढून टाकल्या.

मग माझं तोंड सुटलं. कॉर्नर मिळाला, फाउल झाला, ह्यांना धाप लागली, सगळं मी मागे वळून गल्लीत ओरडून सांगत होते आणि दारादारांतून "काय झालं, काय झालं" येत होतं. एक गोल आमच्या भिंतीच्या बाजूला होता, जवळजवळ माझ्या पायाखालीच. जाळी नव्हती, वाळूत रोवलेले दोन खांब आणि वर आडवी दोरी. पहिल्या हाफमध्ये तो गोल कॉलेजचा होता. बँकेच्या एकाने खालून जोरात मारलेला बॉल खांबाला चाटून गेला आणि आमच्या भिंतीवर आदळला. बँकवाले नाचायला लागले, कॉलेजवाले "बाहेर, बाहेर" करून रेफरीवर धावले. रेफरी म्हणजे रास अल खैमाच्या एका शाळेतले पॅलेस्टिनी मास्तर. तेही नुकतेच तापातून उठलेले, अर्ध्या मैदानापलीकडे पाय टाकत नव्हते. त्यांनी वर पाहिलं आणि मला विचारलं, "उख्ती, बॉल अंदर या बाहर?"

बहीण म्हणून विचारलं होतं त्यांनी. मागून हेडक्लार्कचा आवाज आला, "भाभी, बाहर बोला, खलास."

बॉल आत गेला होता. मला स्पष्ट दिसला होता. खोटं बोलले असते तर कुणाला कळणार होतं? पण इतकी वर्षं चादरीआडून बघत आले होते, आणि पहिल्यांदा कुणीतरी मला काय दिसलं ते विचारलं होतं. मी म्हटलं, "अंदर."

गल्लीतून कुणीतरी म्हणालं, "भाभींनी बँकेत नोकरी धरलेली दिसते." ह्यांनी माझ्याकडे पाठ केली. मला रडू येत होतं, पण रिपोर्ट देणं मी थांबवलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या. कॉलेजने एक गोल फेडला. त्यावर कुणीच वाद घातला नाही, कारण तो गोलकीपरच्या पायांतून गेला होता. मग अगदी शेवटी हे डावीकडून सुटले. नऊ दिवसांच्या तापाने पायात त्राण नव्हतं, पण पाय तोच होता. बॉल खांबाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला. कॉलेजवाले म्हणाले आत, बँकवाले म्हणाले बाहेर. मास्तरांनी दोन्ही हात वर केले. हे कंबरेवर हात ठेवून नुसते उभे होते, माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात बँकेचा कॅप्टन, एक उंच मलबारी, म्हणाला, "ऊपर भाभी है ना? उनसे पूछो. वो जो बोलेगी, हम मानेगा."

मी म्हटलं, "अंदर."

मास्तरांनी गोल दिला आणि मिनिटाभरात शिट्टी वाजवून मॅच संपवली. गल्लीत हेडक्लार्क आपल्याच उंबरठ्यावर नाचत होते.

ह्यांनी भिंतीखाली येऊन हळूच विचारलं, "खरंच आत होता ना?"

"पहिला होता तसाच," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला हसून "यल्ला, चल, मग टोपली सोड" म्हणाले.

मी टोपली सोडली. वर ओढली तेव्हा तिला बांगड्यांचा वास येत होता आणि तिच्यात कप होता. कपाच्या तळाशी मास्तरांची शिट्टी होती. साथीचे दिवस, म्हणून मी ती पदराने तीनदा पुसली. मग कठड्याला टेकून जोरात फुंकली.

खाली गळ्यात गळे घालणारे बावीसच्या बावीस जण सवयीने जागच्या जागी थांबले आणि वर बघायला लागले. त्यांत आमचे हेही होते.