साहेबांच्या जीपचे टायर

"टायर काय दूध आहे का मॅडम, नासायला?" पुरवठादाराचा माणूस हसून म्हणाला.

मी खाली बसून टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसत होते. बुलडाण्याच्या आमच्या स्टोअरच्या दारात नव्या टायरची चळत लागली होती. पलीकडे संग्रामपूरचा ड्रायव्हर देविदास पिकअप घेऊन उभा होता. त्याच्या रुग्णवाहिकेचे टायर पार गुळगुळीत झाले होते, म्हणून ती तिकडेच शेडमध्ये उभी होती.

मी तेव्हा भांडारपाल होते. म्हणजे आरोग्य खात्याच्या स्टोअरची जबाबदारी माझी. लोकांना वाटतं, सरकारी गाडीचा टायर झिजला की दुकानात जाऊन नवा घ्यायचा. तसं नसतं. आधी ड्रायव्हर कळवतो. मग मेकॅनिक टायरची नक्षी किती उरली ते मोजतो, गाडी किती किलोमीटर चालली ते पाहतो आणि टायर बाद ठरवतो. मग मंजुरी, मग ऑनलाइन बोली. अटीत बसणाऱ्यांमध्ये ज्याचा दर कमी, त्याला ऑर्डर. माल आला की आमची समिती तपासते आणि शेवटी भांडारपाल ताब्यात घेतो. या सगळ्यात दोन-तीन महिने सहज जातात.

प्रत्येक टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं. आमची अट होती, सहा महिन्यांपेक्षा जुना माल चालणार नाही. हे टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले. पडून पडून रबर कडक होतं. एका टायरला तर कडेने बारीक भेगाही होत्या. आपल्याकडे मे महिन्यात डांबर तापतं तेव्हा असा टायर कधी फुटेल, सांगता येत नाही.

"परत न्या," मी म्हटलं.

पुरवठादाराचा माणूस फोन काढून बाहेर गेला. देविदास मात्र माझ्यावरच उखडला.

"मॅडम, काऊन अडवून राह्यल्या? परवा टुनकीकडच्या एका बाईले टेम्पोत घालून न्या लागलं. पोटात लेकरू होतं तिच्या. तिचा नवरा मलेच शिव्या देत होता."

"अरे, टायर जुने आहेत."

"माह्या गाडीवर हायेत त्याच्याहून तं बरे हायेत ना?"

हे टायर घेतले तर गाडी आजच रस्त्यावर येणार होती. नाही घेतले तर पुन्हा कुणालातरी टेम्पोत घालावं लागणार होतं. पण घाटात टायर फुटला तर आत बाई असेल आणि स्टेअरिंगवर हाच देविदास.

तेवढ्यात आमच्या ऑफिसच्या मुख्य साहेबांनी आत बोलावलं. पुरवठादाराचा फोन त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"वानखडे मॅडम, दिसायला तर नवेच आहेत. पास करून टाका. पुढच्या वेळी बघू."

"सर, गाडी पेशंटची आहे. मी सही करणार नाही."

"मग गाडी किती दिवस उभी ठेवायची?"

खिडकीतून त्यांची जीप दिसत होती. रुग्णवाहिका आणि जीप एकाच बनावटीच्या, टायरचं माप एकच. जीपचे टायर नुकतेच बदललेले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तुमच्या जीपचे टायर तिला घालूया. बदली माल येईपर्यंत. तुमचा लेखी आदेश पुरेल."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. आता आपली बदली नक्की, असं मला वाटलं.

"आणि मी दौऱ्यावर कशाने जाऊ?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "आदेश टाइप करून आणा."

मेकॅनिकने जीप ठोकळ्यांवर चढवून तिचे टायर काढले. देविदासने स्वतः ते पिकअपमध्ये चढवले. जाताना म्हणाला, "साहेबाच्या गाडीचे काढले? मॅडम, तुमी तं लय डेरिंगबाज निघाल्या बे!" 'बे' तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढच्या बैठकीला साहेब एसटीने मेहकरला गेले. तिथून जानेफळला कुणाच्यातरी मोटरसायकलवर मागे बसून. परत आले तेव्हा कपड्यांवर धूळ होती. हातपाय न धुताच त्यांनी पुरवठादाराला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, दुपारीही लावला.

यापूर्वी मी माल परत केला होता तेव्हा बदली माल यायला पावसाळा उलटला होता. या वेळी आठवड्याच्या आत टायर आले. मी आकडे वाचले, ताजा माल होता. सही केली.

लवकर खरेदी कशी करावी यावर आम्हाला बरीच प्रशिक्षणं दिली गेली. त्यातल्या एकातही साहेबांची गाडी ठोकळ्यांवर चढवायला सांगितलेलं नाही.